मशालीला तेल

गेल्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. आवाज गोड, मराठी अर्धं. म्हणाली, मॅडम, मोठी इंटरनॅशनल स्पर्धा आहे, तिची मशाल डोंबिवलीतून जाणार आहे, तर तुमच्यासारख्या ज्येष्ठ खेळाडूंना आम्ही स्टेजवर बसवणार आहोत, फेटे आमच्याकडून. मी विचारलं, मशाल कोण धरणार? तर म्हणाली, ते अजून फायनल व्हायचंय, पण एक सिरीयलमधली ताई आहे आणि एका बिल्डरसाहेबांचा मुलगा आहे. मी म्हटलं, मग बरोबर चाललंय तुमचं, काहीएक बदललेलं नाही, आणि फोन ठेवून दिला. त्या पोरीचा बिचारीचा काही दोष नव्हता. पण मशाल म्हटलं की माझं डोकं फिरतं, त्याला इलाज नाही. ते का फिरतं हे एकदा लिहून काढते, म्हणजे आजी फेटा बांधून घ्यायला का जात नाही ते नातीला तरी कळेल.

आम्ही बाळकुमचे. आता बाळकुम म्हटलं की लोकांना ते उंच टॉवर आठवतात, ज्यांची नावं वाचताना जीभ अडखळते आणि ज्यांच्या जाहिरातीत आमच्या खाडीला 'वॉटरफ्रंट' म्हणतात. आम्ही तिला खाडीच म्हणायचो, आणि ती ओहोटीला चांगलीच वास मारायची. बाबांची एक होडी होती. आई बाळकुम नाक्यावर मासळीची पाटी घेऊन बसायची. आमच्या घरात सकाळ व्हायची ती बर्फ फोडण्याच्या आवाजानं. आई गोणपाटात लादी गुंडाळून वरवंट्यानं ठोकायची, आणि अंगणात बाबा जाळं झटकायचे, त्याची शिशाची वजनं खळखळायची. हे दोन आवाज ऐकत मी अंथरुणात पडून राहायचे आणि तिसऱ्याची वाट बघायचे, तो म्हणजे तव्यावर भाकरी उलटल्याचा. तांदळाची भाकरी आणि रात्रीचं निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारत चालणारा तो विचित्र मासा. माझ्या डोंबिवलीतल्या शेजारीणबाईंना मी एकदा वाटीभर कालवण दिलं, तर बाईंनी विचारलं, हा नक्की मासाच आहे ना? पुन्हा म्हणून दिलं नाही. ज्यांना चव नाही त्यांच्यापुढे कालवण वाया कशाला घालवा.

पळायला मला कोणी शिकवलं नाही. बाबांची होडी लागायची लांब, बांधाच्या टोकाला, आणि तिथून मासळी नाक्यावर आईपर्यंत पोचवायचं काम माझं. उन्हात मासळी कुणासाठी थांबत नाही. टोपली डोक्यावर घेऊन मी त्या बांधावरून पळायचे, एका बाजूला मिठागर, दुसऱ्या बाजूला चिखल. पाय घसरला तर मासळीही गेली आणि आईच्या शिव्याही खाल्ल्या. हे आमच्या शाळेतल्या परबसरांनी पाहिलं. परबसर खेळाचे मास्तर, मालवणकडचे, सज्जन माणूस. सज्जन हा शब्द मी मुद्दाम लिहितेय, कारण नुसत्या सज्जन माणसाचा किती उपयोग असतो ते पुढे येईल. त्यांनी मला जिल्ह्याच्या शर्यतीत उतरवलं, मी पहिली आले, आणि घरात भांडण सुरू झालं.

भांडण सुरू केलं माझ्या मोठ्या काकांनी. बाबांचे थोरले भाऊ, घरातला शब्द त्यांचा. म्हणाले, पोर वयात आली आणि चड्डी घालून रस्त्यानं पळते, गाव हसतंय. गाव हसत नव्हतं. गावाला आपापली कामं होती. पण काकांना जे वाटायचं ते त्यांना गावाच्या तोंडातून बोलायची सवय होती. त्यांनी कल्याणजवळच्या मोहन्याचं एक स्थळही आणून ठेवलेलं, मुलगा तिथल्याच कारखान्यात कामाला. मी अजून शाळेत, पण आमच्यात त्या वेळी ते काही नवल नव्हतं. बाबा काकांसमोर बोलायचे नाहीत. जाळ्याची भोकं शिवत बसायचे. आई बोलायची, पण तिचं कोण ऐकतंय.

अशात ती मशाल आली. कुठल्याशा परदेशात सूर्याच्या किरणांवर पेटवलेली, विमानातून आलेली, गावोगाव फिरून दिल्लीकडच्या की कुठल्या त्या मोठ्या स्टेडियममध्ये जाणारी. नाशिककडून कल्याण, भिवंडी, मग काशेळीचा पूल ओलांडून बाळकुम, पुढे माजिवडा आणि ठाणे, असा तिचा रस्ता. परबसर घरी आले आणि म्हणाले, पुलापासून माजिवड्यापर्यंत मशाल तुमची यमुना नेणार, जिल्ह्यातून पहिली आली म्हणून नाव पक्कं झालंय. काकांनी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. मला वाटतं त्यांनी ते आधीच मनात जुळवून ठेवलं असावं.

"दादा, आपण आता एकमेकांशी नको भांडूया. पोरीनं ती ज्योत गावातून नेली, आणि गावानं हात जोडले, तर तिला पळू द्यायचं. नाय जोडले, तर तू बोलशील तिथं लगीन."

काका तयार झाले. त्यांना खात्री होती की चड्डीतल्या पोरीला गाव हात जोडत नसतं.

बाबांनी दुसऱ्या दिवशी जुन्या वल्ह्याचा दांडा कापला, तासून गुळगुळीत केला आणि माझ्या हातात दिला. परबसरांनी मशालीचं वजन सांगितलेलं, त्यापेक्षा हा दांडा थोडा जास्तच भरत होता. तो उचलून धरून मी रोज बांधावरून पळायचे. खांदा भरून यायचा. बाबा होडीतून बघायचे आणि ओरडायचे, कोपर खाली गेलं. त्यांना खेळातलं काय कळत होतं? पण वल्हं धरलेलं कोपर खाली गेलं की होडी भरकटते, एवढं त्यांना कळत होतं, आणि तेवढं पुरलं. समितीनं मला पांढरा टी-शर्ट दिला, छातीवर स्पर्धेचं चिन्ह. मी तो उशाखाली घेऊन झोपायचे.

आता त्या समितीबद्दल. स्वागत समितीचे अध्यक्ष होते नाना, खडीच्या धंद्यातले. जन्मात कधी पळाले असतील तर ते कुणी मागे लागलं म्हणूनच. त्यांनी रस्त्याच्या कडेच्या झाडांना गेरू फासला, दगडांना चुना फासला, आणि खड्डे मात्र तसेच ठेवले, कारण खड्डे फोटोत दिसत नाहीत. कमानी उभारल्या. त्या कमानींवर खेळाडू एकही नव्हता, नाना हात जोडून सगळीकडे होते. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की नाक्यावर मासळी बसते. पाहुण्यांच्या नाकाला वास जाईल. झालं. आई आणि तिच्यासोबतच्या बायकांच्या पाट्या उचलून गटाराच्या पलीकडे ठेवल्या, आणि जिथं त्या वर्षानुवर्षं बसत होत्या तिथं फिनेल ओतलं. मशाल यायला अजून आठवडा होता. आठवडाभर कुणाच्या नाकाला काय होणार होतं, देव जाणे. आई म्हणाली, येऊ दे, माझी पोर त्याच नाक्यावरनं जाणारे, तेव्हा बघते कोण कुणाला हलवतो ते.

रिक्षावर कर्णा लावून गावात रोज दवंडी फिरायची, पवित्र ज्योत येत आहे, सर्वांनी स्वागत करावे. आता हे कोणाला सांगत होते? आमच्याकडे देवीच्या गोंधळाला दिवटी, म्हणजे तेलावर जळणारी हातमशाल, दारात येते, तेव्हा तिला तेल घालायचं असतं. घरातली बाई पळीभर तेल आणते आणि दिवटीवर घालते. दिवटी दारावरून कोरडी जाऊ द्यायची नाही, हे आमच्यातल्या लहान पोरीलाही माहीत असतं. कर्ण्यानं सांगितलं पवित्र ज्योत. मग बायकांनी काय करावं? त्यांनी तेल काढून ठेवलं. बाबांची बहीण हिराआत्या तर घरोघर फिरून बजावून आली की आपल्या यमूच्या हातात ज्योत असेल, कुणी हात आखडता घेऊ नका. मशाल गॅसवर जळते हे समितीनं गावात कुणाला सांगितलं नव्हतं. गावाला फक्त टाळ्या वाजवायला बोलावलेलं, टाळ्या वाजवायला गॅसची माहिती कशाला लागते?

त्या दिवशी शाळेची पोरं सकाळपासून रस्त्याच्या कडेला उन्हात उभी केलेली, हातात कागदी झेंडे. पाणी नाही. मशालीला उशीर, कारण भिवंडीत पाहुण्यांचं जेवण लांबलेलं. मी पुलाच्या तोंडाशी टी-शर्ट घालून उभी, आणि दुपार कलंडताना नानांची गाडी आली. त्यातून उतरला त्यांचा भाचा, बंटी. नवे बूट, नवे मोजे, केसाला तेल. चार पावलं चालला तरी धापा टाकणारा मुलगा. नानांनी परबसरांना बाजूला नेलं. मला दुरून दिसत होतं, नाना बोलतायत आणि सर स्वतःच्या चपलांकडे बघतायत. मग सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, यमुना, थोडा बदल झालाय. मशाल बंटी धरेल. तू मागून पळ, फोटोत येशील.

 या लोकांसमोर मला रडायचं नव्हतं, म्हणून मी खाडीकडे तोंड केलं. सर म्हणाले, माझ्या हातात काही नाही गं. खरंच नव्हतं. ज्यांच्या हातात कधीच काही नसतं अशा सज्जनांनी हे जग गच्च भरलेलं आहे, आणि नाना लोक त्यांच्याच जिवावर जगतात. वर आणखी एक. बंटीला टी-शर्ट नव्हता. तर माझा काढून घेतला. पुलाजवळच्या चौकीमागे जाऊन मी शाळेचा घामट ब्लाऊज परत चढवला आणि उशाखालचा टी-शर्ट त्याला दिला. तो त्याच्या पोटावर असा ताणला गेला की ते चिन्ह दुप्पट झालं. त्याही स्थितीत मला हसू आलं, हे मला अजून आठवतं.

मशाल आली. पुढे पोलिसांची मोटारसायकल, मागे जीप, जीपमध्ये दिल्लीचे एक सफारीवाले साहेब, त्यांच्या मांडीवर एक कंदील. मशाल विझलीच तर या कंदिलातल्या मूळ ज्योतीवर पुन्हा पेटवायची, अशी ती योजना. बंटीनं मशाल घेतली आणि निघाला. त्याला पळणं म्हणायचं तर म्हणा. मी मागे. पळायला जागाच नव्हती, चालले असते तरी त्याच्या पुढे गेले असते. मनात एकच घोळत होतं, आता गाव येणार, काका तिथं उभे असणार, आणि मी रिकाम्या हातानं जाणार.

गावदेवीच्या देवळापाशी बायका रस्त्यात उभ्या होत्या. नऊवारी, आरतीची ताटं, आणि ताटात तेलाच्या वाट्या. पुढे हिराआत्या. तिनं बंटीकडे पाहिलं, मग त्याच्यामागे माझ्याकडे, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा बदलला. पण ज्योत ती ज्योत, ती काय कुणाच्या हातात आहे यावर थोडीच ठरते. तिनं बंटीला हातानं थांबवलं. तो धापा टाकतच होता, थांबायला त्याला कारण हवंच होतं. आत्यानं भक्तीनं वाटीभर तेल मशालीवर ओतलं. मागून दुसरीनं ओतलं, मग तिसरीनं. जीपमधून साहेब हिंदीत ओरडायला लागले, पण ते पुढे येईस्तोवर सात-आठ घरांचं तेल पडून गेलेलं. गॅस बिचारा गुदमरला. दोनदा फुरफुरला आणि मशाल विझली. तेल बंटीच्या कोपरावरून टी-शर्टवर, टी-शर्टवरून नव्या बुटांत. त्यानं आई गं म्हणत मशाल खाली टाकली.

 ज्योत विझणं म्हणजे केवढा अपशकुन. हिराआत्यानं वाटी पदराखाली लपवली. साहेबांनी आधी वाकून गॅसची चावी बंद केली. नाना आत्याच्या अंगावर धावले, अडाणी बाई, देशाची अब्रू घालवलीस, असं काय काय. कंदील आणा, कंदील आणा, नाना ओरडले. साहेबांनी कंदील काही पुढे केला नाही. नानांनी तो त्यांच्या हातातून ओढला, तर आत काजळी आणि गार काच. मग साहेब हळूच, पण आम्हाला ऐकू जाईल असं बोलले की हा तर कल्याणलाच विझला, दुर्गाडीजवळ जीप खड्ड्यात आपटली तेव्हा. आणि तिथं मशाल? मशालही विझलेली, ड्रायव्हरच्या लायटरनं पेटवली. म्हणजे सूर्याच्या किरणांची ती पवित्र ज्योत भिवंडीच्या अलीकडेच संपलेली, आणि जिच्यासाठी पोरं उन्हात वाळत होती, आईची पाटी गटारापलीकडे गेली होती, ती ड्रायव्हरच्या विडीची आग होती. काय करायचं या लोकांचं? हसावं की थोबाडावं?

आता लायटर आणला, काड्या ओढल्या, पण मशालीच्या तोंडाची तेलानं भरलेली चाळणी पेटेना. पुढे माजिवड्याला मंत्री येऊन बसलेले, बँड तयार. साहेब घामानं निथळत होते. तेव्हा बाबा गर्दीतून पुढे आले. त्यांच्या हातात तो वल्ह्याचा दांडा होता. मी मशाल नेताना सोबत असावा म्हणून आणला होता म्हणे, एवढंच त्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी खांद्यावरचा पंचा फाडला, दांड्याच्या टोकाला गच्च गुंडाळला, जाळं बांधतात ती गाठ मारली. हिराआत्याला म्हणाले, तेल घाल. तिच्या वाटीत तळाशी राहिलेलं तेल तिनं घातलं. बाकीच्यांनी घातलं. आई देवळात गेली आणि गावदेवीपुढच्या समईवर वात पेटवून घेऊन आली. दिवटी भडकली.

नाना म्हणाले, हे असलं चालणार नाही. साहेब म्हणाले, चलेगा, अभी तो चलेगा, और कुछ है क्या आपके पास? बंटीपुढे दांडा धरला तर तो मागे सरला, वरून तेलाचे जळते थेंब गळत होते. दिवटी धरायची म्हणजे थोडी पुढे कलती धरायची, थेंब पायापुढे पडतात, आणि पळायचं म्हणजे थेंब पडायच्या आत तिथून निघून जायचं. बाबांनी दांडा माझ्या हातात दिला. फक्त म्हणाले, कोपर.

मी निघाले. मागे वळून पाहिलं नाही, पण बायकांचे हात जोडलेले मला डोळ्यांच्या कडेनं दिसत होते. नाक्यावर फिनेलच्या वासातून गेले. कापूरबावडीला लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं हीच ती. मला पाय जमिनीला लागल्याचं कळत नव्हतं. आयुष्यात नंतर मी बऱ्याच शर्यती पळाले, पण तशी पळाले नाही.

माजिवड्याची कमान दिसायला लागली आणि जीपनं मला आडवं येऊन थांबवलं. वाटेत त्यांनी मशाल पुसून सुकवलेली. साहेबांनी माझ्या दिवटीवर ती पेटवून घेतली. बंटी जीपमधून उतरला, नानांनी त्याच्या टी-शर्टवरचं तेल रुमालानं टिपलं, आणि तो कमानीखालून बँडच्या तालावर धावत गेला. मला सांगितलं, ते विझव आणि जा घरी. त्याचा तो फोटो छापून आला. पुढे बंटी मोठा माणूस झाला, आता त्यालाही लोक नाना म्हणतात, आणि भाषणात तो सांगतो की ज्योत हातात घेतली तेव्हा अंगावर काटा आला होता. आला असेल. तेल गार होतं.

मी दिवटी विझवली नाही. कुणाच्या सांगण्यावरून विझवू? वळले आणि त्याच रस्त्यानं परत पळत सुटले. आता मोटारसायकल नव्हती, जीप नव्हती, शाळेची पोरं घरी गेलेली. कागदी झेंडे रस्त्यात लोळत होते. तेल संपत आलं आणि ज्वाळा बारीक झाली, तेव्हा कापूरबावडीच्या वडेवाल्यानं कढईतलं पळीभर तेल घातलं, काही न विचारता. नाक्यावर आई तिच्या जुन्या जागी पाटी घेऊन बसलेली होती, फिनेलवर. तिनं उठून तेल घातलं. गावदेवीपाशी हिराआत्या तशीच उभी होती, रडून डोळे सुजलेले. मी म्हटलं, आत्या, विझली नाही गं, ही बघ. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि दिवटीला हात जोडले. तिच्यामागे सगळ्या बायकांनी जोडले. देवळाच्या पायरीवर काका बसलेले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग त्यांनीही जोडले, माझ्याकडे न बघता, पण जोडले.

मी काही मोठी खेळाडू झाले नाही. पळण्यावर रेल्वेत नोकरी लागली, डोंबिवलीत घर झालं, एवढंच. पण एवढं झालं ते त्या दिवसामुळे, आणि त्यात ना समितीचा हात होता ना त्या परदेशी सूर्याचा.

पुढच्या रविवारी मोहन्याची माणसं ठरल्याप्रमाणे मुलगी बघायला आली. काका घरातून दिसेनासे झालेले, त्यामुळे बाबांनाच बोलावं लागलं. आईनं मला नंतर सांगितलं, बाबांनी त्यांना नीट बसवलं, चहा दिला, बोंबील बांधून दिले. शेवटी त्यांनी विचारलं, मुलगी कुठाय? बाबा जाळ्याचं भोक शिवत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"पोर घरात नाय," बाबा म्हणाले. "पळायला गेलीय."

आणि मी खरोखरच बांधावर होते.